मान्य चूक

मी वैधमापन निरीक्षक.
नगर रोडच्या पेट्रोलपंपांवर पाच लिटरचं माप लावून बघतो,
वाण्यांच्या काट्यांवर सरकारी शिक्का मारतो.
तेव्हा अंतराचं मला कुणी सांगू नये.

पुणे ते नागपूर, सरळ रेषेत, हवेतून :
सहाशे किलोमीटर आणि वर थोडे.
वेळ सव्वा तास.
धायरी ते लोहगाव, जमिनीवरून :
पंचवीस किलोमीटर.
वेळ काल दोन तास दहा मिनिटं.

मेखला मागच्या सीटवर अंजिरं मोजत होती,
सासवडची, आईसाठी घेतलेली.
बारा होती. दोन खाल्ली.
"दहाच होती म्हणून सांगते," म्हणाली.
काटा मारायचा गुण हिनं कुणाचा उचलला,
यावर आमच्यात पूर्वी
बरंच भांडण झालं असतं.

काउंटरवर अर्ज असतो,
एकट्यानं प्रवास करणाऱ्या बालकासाठी.
दोन रकाने. सोडणार कोण. घेणार कोण.
पहिल्यात मी लिहितो, निरंजन खळदकर, वडील.
दुसऱ्यात भाग्यश्री देवतळे, आई,
आणि पुढची जागा कोरी ठेवतो.
तिथे ती सही करते, सव्वा तासानं,
संत्र्यांच्या गावात, घाईघाईत.
निकालपत्रानंतर आमच्या दोघांच्या सह्या
एका कागदावर येतात त्या एवढ्याच.

अर्जाची पाकीट-पिशवी गळ्यात अडकवतात.
मेखला ती जर्किनच्या आत ढकलते.
साडेअकरा वर्षांची आहे ती,
"मी काय कुरिअर आहे?" विचारते.

सुट्टीचे दिवस निकालपत्रात वाटून दिलेत,
तारखेनिशी, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा.
हा सव्वा तास मात्र कुणाच्याच खात्यात नाही.
एकदा मी तिला विचारलं होतं,
वर असतेस तेव्हा तू कुणाची?
तिनं बुटाच्या नाडीतून मान वर न काढता सांगितलं,
"खिडकीची."

इथून निघताना ती "जेवतेय" म्हणते,
तिकडे उतरताना "जेवून राहिली".
कुठेतरी हिंगोलीच्या वर
भाषा बदलत असावी,
सीटबेल्टचा दिवा लागावा तशी, आपोआप.
मला ते कधी ऐकू येणार नाही.

विमान उडेपर्यंत पालकानं थांबायचं, असा नियम आहे.
काल धावपट्टीवर हवाई दलाची लढाऊ विमानं आधी गेली,
एकामागून एक, काचा थरथरवत.
आमचं अर्धा तास उभंच.
अर्धा तास माझ्या बाजूनं जास्त पडला.
मी तक्रार केली नाही.

जाताना वारा पाठीशी असतो,
म्हणून विमान पाच-सात मिनिटं लवकर पोचतं.
माझ्याकडे येताना तोच वारा तोंडावर.
यात कुणाचा दोष नाही, हे मला कळतं.
आमच्या खात्यात प्रत्येक मापाला
थोडी मान्य चूक असते,
किलोमागे इतके ग्रॅम, लिटरमागे इतके मिली.
तेवढ्यावर खटला भरता येत नाही.

काउंटरवरची मुलगी म्हणाली,
"मार्चमध्ये बारा पूर्ण होतील ना हिला?
मग अर्जाची कटकट संपली, सर."
आनंदाची बातमी सांगावी तसं म्हणाली.
मी पेन परत दिलं.

तिचं विमान नागपुरात टेकलं
तेव्हा मी येरवड्याच्या गाडीतळाला होतो,
पुढे सिमेंटचा मिक्सर, मागे सगळं पुणं हॉर्न वाजवत.
मोबाइल उजळला.
एरवी एकच शब्द येतो, "मिळाली".
पोचपावतीसारखा, पूर्णविरामासकट.
काल लिहिलं होतं :
"मिळाली. अंजिरं आठ. बरोबर?"

सिग्नल सुटला होता.
मी लिहिलं, "बरोबर,"
आणि मागचा रिक्षावाला काय म्हणाला
ते इथे लिहिण्यासारखं नाही.